पिवळ्या धोत्र्याचं बोंड तडकायच्या आत

नेवासा तालुक्यात मुळा धरणाच्या पाटाखाली आमची जमीन आहे. काळं, खोल रान. रब्बीत गहू आणि हरभरा, आणि पाटाचं पाणी जिथं चढत नाही त्या तुकड्यात मालदांडी ज्वारी. तण म्हणाल तर चंदनबटवा, घोळ, हराळी, लव्हाळा सगळंच येतं आणि त्याची सवय झालेली असते. पण ज्याचं नाव काढलं की खुरपणाऱ्या बायका रानात उतरायला का-कू करतात, ज्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही आणि ज्याचं बी धान्यात आलं तर माणसाच्या जिवावर बेतू शकतं, असं तण आमच्या भागात एकच आहे: पिवळा धोत्रा. कुणी त्याला बिलायत म्हणतं. मूळचा हा मेक्सिकोकडचा, अफूच्या कुळातला. पांढरा किंवा काळा धोतरा म्हणतात ते झाड वेगळं, त्याचा याच्याशी संबंध नाही.

या तणाशी झगडताना जे हाती लागलं ते इथं मांडतो. गव्हाच्या आणि ज्वारीच्या शेतकऱ्याला ते उपयोगी पडेल याची मला खात्री आहे.

१. कोवळा असतानाच ओळखायला शिका

गव्हाला पहिलं पाणी बसलं आणि वाफसा आला की साऱ्यांमधून वाकून चालायला जावं. धोत्र्याची पहिली दोन पानं बारीक, लांबट असतात, ती सहसा नजरेत भरत नाहीत. पुढं चार-सहा खरी पानं आली की रोप जमिनीला चिकटून गोल पसरतं. तेव्हा त्याचा रंग बघा. गव्हाचा हिरवा वेगळा आणि हा वेगळा. याच्या पानावर निळसर राखी झाक असते, बोट फिरवलं तर पान मेणचट लागतं. मधली शीर आणि तिच्या फांद्या पांढऱ्या, चुन्याचं बोट ओढल्यासारख्या. पानाची कड खोल कातरलेली आणि प्रत्येक टोकाला एक काटा. या वयात काटा मऊ असतो, टोचतो पण मोडून आत राहत नाही.

तरीही शंका असेल तर पान देठाशी मोडा. मोडल्या जागी लगेच पिवळं धमक दूध येतं आणि बोटाला डाग पडतो. ही खूण चुकत नाही. पाथरी मोडली तर दूध पांढरं निघतं. करडईला दूधच नसतं.

करडईचं नाव मुद्दाम घेतलं. आमच्याकडं ज्वारीच्या कडेनं करडईच्या ओळी टाकायची जुनी रीत आहे, जनावर आत शिरू नये म्हणून. धोत्रा आणि करडई दोन्ही त्याच दिवसांत उगवून येतात. घाईत खुरपणारा माणूस करडई उपटतो आणि धोत्रा तसाच ठेवतो, हे मी पुष्कळ रानांत पाहिलं आहे. कोवळ्या करडईचं पान एकसारखं हिरवं असतं, शिरा पांढऱ्या नसतात आणि काटे नावालाच. ती भाजीला चालते. तिचे काटे नंतर, बोंडं धरताना कडक होतात. नवा मजूर रानात आला की खुरपं हातात द्यायच्या आधी ही दोन रोपं शेजारीशेजारी दाखवा. पाच मिनिटांचं काम आहे.

२. प्रत्येक काटेरी तण धोत्रा नसतं

बाजरीत येतो तो काटेमाठ. त्याचं पान माठासारखं साधं, काटे पानाच्या बेचक्यात, खोडावर जोडीनं. तो खरिपाचा. सराटा जमिनीवर वेलासारखा सरपटतो आणि त्याचं काटेरी फळ चपलेच्या तळव्यात घुसतं. भुईरिंगणी जमिनीलगत पसरते, तिचं फूल जांभळं, वांग्याच्या फुलासारखं. उंटकटाऱ्याचा फुलोरा गोल, काटेरी चेंडूसारखा. प्रत्येकाचा हंगाम आणि बंदोबस्त वेगळा आहे. नाव चुकलं की औषध चुकतं, म्हणून दुकानात जाताना रोपच उपटून घेऊन जावं.

३. बी कुठून येतं याचा शोध घ्या

रानात धोत्रा दिसला की आपण रानातच बघत राहतो. माझा अनुभव असा की बी निम्म्याहून जास्त वेळा बाहेरून आलेलं असतं.

बांधावरचं बाकी गवत जनावरं खातात, धोत्रा तेवढा ठेवतात. त्यामुळं चराईच्या बांधावर, पाटाच्या भरावावर, रस्त्याच्या कडेला आणि उकिरड्याजवळ तो एकटा माजतो. त्याला पाणी कमी लागतं, हलकी जमीन चालते. पिवळं फूल गेलं की काटेरी बोंड धरतं. बोंड वाळलं की टोकाकडून चार-सहा पाकळ्यांनी फाटतं आणि वाऱ्यानं झाड हललं की त्यातून बी सांडत राहतं. एका बोंडात शेकड्यानं बी, एका झाडाचं हजारोंनी. ते पाटाच्या पाण्याबरोबर सऱ्यांतून थेट गव्हाच्या वाफ्यात पोचतं. चिखलानं भरलेल्या वखराला, ट्रॅक्टरच्या टायरला चिकटून या शेतातून त्या शेतात जातं. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून येतं. उकिरड्यावर धोत्रा उगवलेला असेल तर ते खत रानात टाकणं म्हणजे पेरणीच.

एकदा जमिनीत गेलेलं बी सगळं एकाच वर्षी उगवत नाही. काही पडून राहतं, खोल गेलेलं तर वर्षानुवर्षं जिवंत राहतं. आणि त्याच हंगामातसुद्धा प्रत्येक पाण्यानंतर नवा लोंढा येतो. म्हणून एकदा खुरपलं आणि सुटलो, असं या तणाच्या बाबतीत होत नाही. या सगळ्यावरून मी एक ठरवून टाकलं आहे. धोत्र्याशी लढायचं म्हणजे त्याच्या बियांशी लढायचं. उभं झाड दिसतं तेवढं भयंकर नाही, तडकलेलं बोंड भयंकर आहे.

४. पेरणीच्या आधी त्याला उगवू द्या

बागायती गव्हाला हा उपाय मला सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा वाटतो. रान तयार झालं की आधी ओलवून घ्यायचं आणि थांबायचं. ओल मिळाली, थंडीची चाहूल लागली की वरच्या थरातलं बी उगवून येतं. ते दोन-चार पानांवर आलं की वखराची हलकी पाळी घालून मारायचं आणि मग पेरायचं. पाळी उथळच हवी. खोल नांगरट केली तर खालचं झोपलेलं बी वर येतं.

मात्र यासाठी पेरा लांबवू नका. वेळेवरच्या बागायती गव्हाची पेरणी १ ते १५ नोव्हेंबरमध्ये व्हायला हवी, म्हणून ओलवणी ऑक्टोबरातच उरकावी लागते. जिथं पाटाचं आवर्तन उशिरा सुटतं तिथं विहिरीवरच भिस्त. आवर्तनाच्या भरवशावर बसून गहू डिसेंबरात ढकलण्यापेक्षा ही पायरी सोडून दिलेली बरी.

पेरणी दाट आणि सारखी पडली पाहिजे. पाभरीचं एखादं नळं तुंबलं की ओळ मोकळी जाते आणि त्या मोकळ्या ओळीत धोत्रा हमखास बसतो. गव्हानं जमीन झाकली की खालचं रोप रोडावतं. ओळीत २० सेंटिमीटर अंतर आणि एकरी ४० किलो बियाणं हे वेळेवरच्या पेऱ्याचं गणित पाळलं तर पीकच अर्धी खुरपणी करतं.

५. ज्वारीत कोळपं सोडू नका

कोरडवाहू ज्वारीत तणनाशकाचा विचार मी करत नाही. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर जागा असते, बैल किंवा छोटा ट्रॅक्टर चालतो. तिसऱ्या आठवड्यात फटीचं कोळपं, पाचव्या आठवड्यात पासेचं, आठव्या आठवड्यात दातेरी. तणही मरतं आणि भेगा बुजून ओलही टिकते. ओळीत राहिलेला धोत्रा तेवढा हातानं काढायचा. हे काम टाळलं तर कापणीच्या वेळी पेंढीत काटे येतात आणि कडब्याची प्रत जाते. काटेरी कडबा जनावर नाकानं बाजूला सारतं. ज्वारीचा निम्मा पैसा कडब्यात असतो, हे मालदांडी पेरणाऱ्याला सांगायला नको.

६. खुरपणाऱ्या हातांची काळजी आधी घ्या

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि यावर कुणी फारसं बोलत नाही. धोत्रा काढणारे हात बहुतेक बायकांचे असतात. मोठ्या झाडाचा काटा बोटात मोडतो, तिथं पिकतं आणि दोन-चार दिवस भाकरी थापता येत नाही. आमच्याकडं नेहमी येणाऱ्या मावशींनी एकदा स्पष्ट सांगितलं, "दादा, हातमोजे द्या, मग येते. काट्यापायी माझी रोजी बुडते, ती कोण भरून देणार?" त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. तेव्हापासून जाड हातमोजे आम्ही खुरप्यांबरोबरच ठेवतो.

दुसरी गोष्ट, धोत्र्याचं रान उक्तं देऊ नका. उक्त्या कामात माणूस पुढं सरकायच्या घाईत असतो, काटेरी झाड वरून छाटतो आणि जातो. छाटलेला धोत्रा बुडातून पुन्हा फुटतो आणि आणखी पसरतो. याचं मूळ सोटमूळ असतं. ते मुळासकट निघालं तरच काम झालं. म्हणून रोजानं लावा, वाफसा असताना लावा आणि रोप चार-सहा पानांचं असताना लावा. वाफशावर खुरप्याचं टोक मुळाशी घालून जरा उचकलं की रोप सगळंच्या सगळं हातात येतं. जमीन कोरडी पडून कडक झाली की मूळ तुटतं, मग कितीही मजुरी द्या.

हरभऱ्यात तर हात हाच मुख्य उपाय आहे, कारण उभ्या हरभऱ्यात रुंद पानांच्या तणावर मारता येईल असं भरवशाचं औषध मी तरी वापरत नाही. पेरणीनंतर लगेच मारायचं तणनाशक आणि नंतर दोन खुरपण्या, एवढंच.

७. तणनाशक जरूर वापरा, पण शेजारचं पीक बघून

गव्हात धोत्रा फार असेल तर तणनाशकाला पर्याय नाही, मी स्वतः वापरतो. मेटसल्फ्युरॉन मिथाईल २० टक्के भुकटी हेक्टरी २० ग्रॅम, म्हणजे एकरी फक्त ८ ग्रॅम लागते. पेरणीपासून ३० ते ३५ दिवसांच्या दरम्यान, तण दोन ते चार पानांवर असताना आणि जमिनीत ओल असताना मारायचं. हेक्टरी ५०० लिटर पाणी आणि फ्लॅट फॅन नोझल. मात्रा इतकी बारीक असते की डोळ्यानं अंदाज घेऊन चालत नाही. पाकीट एकरच्या हिशेबाचंच घ्यावं, आधी थोड्या पाण्यात विरघळवून मग पंपात घालावं. फवारणाऱ्यानं तोंडाला फडकं, हातात मोजे आणि अंगभर कपडे घालावेत. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा. तोच पंप धुऊन हरभऱ्यावर किंवा भाजीवर नेणं म्हणजे पिकाचा घात.

या औषधाचा अंश जमिनीत काही काळ राहतो. गव्हानंतर सूर्यफूल, भुईमूग किंवा भाजीपाला घ्यायचा असेल तर लेबलावरची सूचना वाचा आणि कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या माणसाला विचारा. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आम्हाला जवळ आहे, तिथं विचारायला कधी संकोच वाटला नाही.

टू-फोर-डी हे जुनं औषध स्वस्त आहे आणि रुंद पानांवर चालतं. पण बागायती भागात त्याचा मला धाक वाटतो. त्याचा तुषार वाऱ्यानं शेजारच्या द्राक्षबागेत गेला की कोवळी पानं पंख्यासारखी आकसतात. कपाशी, टोमॅटो, हरभरा, करडई यांचंही तसंच नुकसान होतं. गहू शेजारच्या द्राक्षाला लागून असेल तर ते वापरूच नये. गव्हात मोहरी किंवा हरभऱ्याच्या ओळी असतील तर वरची दोन्ही औषधं बंद.

आणि फुलावर आलेल्या धोत्र्यावर फवारून पैसे घालवू नका. पाला पिवळा पडतो, माणसाला समाधान वाटतं, पण आधी धरलेली बोंडं पिकतातच.

८. फूल दिसलं की रोज मोजका वेळ द्या

जानेवारीत गव्हाच्या ओंब्यांवर पिवळी फुलं डोकवायला लागतात. लांबून ते रान सुंदर दिसतं. त्या प्रत्येक फुलातून महिनाभरात बोंड होणार असतं. या टप्प्यावर गव्हात घुसून तुडवणी करायची नसते म्हणून साऱ्याच्या वरंब्यावरून चालत हाताला येतील ती झाडं मुळासकट काढायची. पोतं बरोबर घ्यायचं. उपटून बांधावर टाकलेल्या झाडाची हिरवी बोंडंसुद्धा पुढं वाळून तडकतात, म्हणून बोंडं धरलेली झाडं पोत्यात भरून एका जागी नेऊन जाळायची. उकिरड्यात किंवा पाटात टाकायची नाहीत. बोंड नसलेली कोवळी झाडं कुजवायला हरकत नाही.

९. मळणीनंतरची चाळण फार जपून हाताळा

आता ज्या कारणानं हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो.

आमच्या भागात गहू बहुतेक हार्वेस्टरनं निघतो. मशीन एका रानातून दुसऱ्या रानात जातं आणि पोटात आधीच्या रानाचं बी घेऊन येतं. आपल्या रानात उतरायच्या आधी चालकाला ते थोडा वेळ रिकामं फिरवून झाडून घ्यायला सांगा. बहुतेक जण ऐकतात. घरी आलेला गहू बारीक चाळणीनं चाळला की खाली काळपट गोल बी पडतं. गव्हापेक्षा ते पुष्कळ लहान असल्यानं चाळणीतून सहज निघतं. प्रश्न त्या खाली पडलेल्या बियांचा आहे.

हे बी मोहरीसारखं दिसतं. इतकं सारखं, की ताटात दोन्ही मिसळली तर चटकन वेगळी करता येत नाहीत. फरक असा: मोहरीचा दाणा गुळगुळीत असतो, धोत्र्याचा खरबरीत, जाळी कोरल्यासारखा आणि जास्त काळा. पाट्यावर दोन-चार दाणे ठेवून दाबून फोडा. मोहरी आतून पिवळी निघते, धोत्रा पांढरा. ही परीक्षा प्रत्येक घरात माहीत असायला हवी.

धोत्र्याच्या बियांत तेल भरपूर असतं आणि त्या तेलात सँग्विनारिन नावाचं विष. मोहरीच्या तेलात त्याची भेसळ झाली तर माणसाच्या पायांना सूज येते, धाप लागते, हृदयावर ताण येतो, डोळ्यांना काचबिंदू होतो. शंभरात एक भाग भेसळसुद्धा आजाराला पुरते. या आजाराची नोंद कोलकात्यात १८७७ साली झाली. १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत अशा तेलानं साठच्या वर माणसं दगावली आणि सुमारे तीन हजार रुग्णालयात गेली. काहींना वाटेल, आपण महाराष्ट्रात शेंगदाण्याचं आणि करडईचं तेल खातो, आपल्याला काय त्याचं. पण फोडणीची मोहरी प्रत्येक घरात आहे, आपल्याकडं कामाला येणारे कितीतरी लोक मोहरीचं तेल खातात, आणि ज्या रानात मोहरी उभी असते त्याच रानात धोत्राही असतो.

म्हणून चाळणीखालचं बी कोंबड्यांना टाकू नका, त्यांनाही ते बाधतं. जनावरांच्या भरड्यात घालू नका. ते घ्यायला कुणी दारात आलं आणि चार पैसे देऊ केले तरी विकू नका. ते पुढं कुठं जाईल यावर आपला ताबा राहत नाही. खड्ड्यात टाकूनही उपयोग नाही, ते उगवणार. जाळा.

१०. दुधाचे प्रयोग करू नका

गावाकडं कुणी या पिवळ्या दुधाचं औषध सांगतं, डोळ्यांत घालायलाही सांगतं. डोळ्यांत कधीही घालू नका. वैद्याला विचारल्याशिवाय या झाडाचा कुठलाही भाग पोटात घेऊ नका.

११. एकट्यानं हे तण हटत नाही

आपलं रान कितीही स्वच्छ ठेवलं तरी वरच्या अंगाचा बांध आणि पाटाची चारी धोत्र्यानं भरलेली असेल तर पुढच्या आवर्तनाला बी पुन्हा आपल्या दारात येतं. चारी कुणाच्याच मालकीची नसते, म्हणून तिच्याकडं कुणीच बघत नाही. आमच्या चारीवरच्या शेतकऱ्यांनी पाणी सुटायच्या आधी गाळ काढताना धोत्राही काढायचं ठरवलं. त्यासाठी वेगळा खर्च लागला नाही, गाळ काढणारी माणसं तीच. खालच्या रानांत फरक दिसायला काही हंगाम गेले, पण दिसला. जिथं पाणीवापर संस्था चालू आहे तिथं हे काम तिच्या बैठकीत ठेवायला हवं, आणि ज्याचं रान चारीच्या शेवटाला आहे त्यानंच ते आग्रहानं ठेवावं, कारण सगळ्यांचं बी त्याच्याकडं जाऊन थांबतं.

यंदा संक्रांतीच्या आत एकदा आपला बांध आणि आपल्या वरच्या अंगाची चारी चालून या. बरोबर पोतं, जाड हातमोजे आणि शक्य असेल तर शेजाऱ्याला घ्या. बोंडं तेव्हा हिरवी असतात.